नागपूरहून भंडारदऱ्याला शिडाची होडी: रस्ता, वारा आणि पहिली शर्यत

नागपूरच्या एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे एक जुनी लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची शिडाची होडी आहे आणि अकरा वर्षांच्या मुलीसाठी घेतलेली ऑप्टिमिस्ट, ही मुलांची छोटी होडी. दोघंही नागपूरच्या अंबाझरी तलावावर शीड धरायला शिकले. दिवाळीनंतर ओळखीतले सहा-सात जण भंडारदऱ्याच्या जलाशयावर दोन दिवस छोट्या होड्यांच्या शर्यती ठेवताहेत. होड्या रस्त्याने कशा न्यायच्या, डोंगरातल्या पाण्यावर शर्यत कितपत वेगळी असते आणि मुलीला त्यात उतरवावं का, हे त्यांना हवं आहे.

मीही अंबाझरीवरच शिकलो, एनसीसीच्या नौदल विभागात. त्याला आता तीस वर्षं झाली. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. आधी एकच गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं नियोजन तिच्याभोवती फिरतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी बारा ते सूर्यास्त तुम्ही तिथे पाण्याकाठी बसलेले असायला हवेत, हातात काहीही काम नसताना. डोंगरातल्या तलावाचा वारा त्या पाच-सहा तासांत स्वतःची ओळख करून देतो. ते तास हुकले तर उत्तम होडी आणि उत्तम शीड असूनही तुम्ही दोन दिवस चाचपडत राहाल.

आता रस्ता. हिंगण्याजवळच्या शिवमडक्याला समृद्धी महामार्गाला लागायचं आणि इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरला उतरायचं, हे साधारण ६०० किलोमीटर. तिथून घोटी आणि मग बारीमार्गे शेंडी, हे भंडारदरा धरणाजवळचं गाव. एकट्या गाडीने हा एका दिवसाचा प्रवास आहे. मात्र मागे ट्रेलर असेल तर मी ताशी ७०-७५ च्या वर जात नाही, आणि मग तो एका दिवसात निवांत बसत नाही. पहाटे तीनला निघून दुपारी पोचता येतं, पण झोप न झालेला माणूस वारा काय बघणार? शिवाय समृद्धीचा सरळसोट रस्ता अंधारात डोळ्यांवर झापड आणतो. त्यामुळे शर्यत शनिवारी असेल तर गुरुवारी उजाडल्यावर निघा आणि मुक्काम शिर्डीला करा. शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर होतात, खोल्या भरपूर मिळतात आणि ट्रेलर उभा करायला जागा असलेली लॉज सापडतात. शुक्रवारी सकाळी सातला निघालात की अकराच्या आत शेंडीत असाल.

तुमच्या दोन होड्यांसाठी ट्रेलरच लागेल. लेझरचा सांगाडा, म्हणजे शीड-डोलकाठीशिवायची नुसती होडी, ५९ किलोचा आणि ऑप्टिमिस्ट ३५ किलोची, म्हणजे दोन्ही मिळून बहुतेक गाड्यांच्या छताच्या मर्यादेबाहेर. एकटी लेझर असती तर मी छतावर पालथी घालून न्या म्हणालो असतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून ट्रेलर बनवून घेतला असेल तर त्याची आरटीओ नोंदणी आणि स्वतःची नंबरप्लेट हवीच, मागचे दिवे गाडीच्या दिव्यांबरोबर लागायला हवेत. वजन असं मांडा की एकूण भाराचा साधारण पाच ते दहा टक्के भाग गाडीच्या हुकवर येईल. मागे वजन जास्त झालं की वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा तो हलायला लागला की ब्रेक दाबून थांबत नाही, पाय हळूच उचलावा लागतो.

सगळ्यात जास्त लक्ष बेअरिंगवर द्या. ट्रेलरची चाकं लहान, म्हणजे तेवढ्याच अंतरात ती गाडीच्या चाकांपेक्षा जास्त फिरतात, आणि सिमेंटचा रस्ता दुपारी तापतो. एकदा मेहकरच्या अलीकडे माझ्या ट्रेलरचं डावं बेअरिंग जळालं. आवाज येत होता, पण मी तो रस्त्याचा समजलो. चार तास उन्हात गेले आणि त्या वेळचा आदल्या दिवशीचा वारा मला बघायला मिळाला नाही. तेव्हापासून दर दीडशे किलोमीटरला थांबून चाकाच्या मध्यभागी हात लावून बघतो. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर तिथेच थांबायचं. निघायच्या आठवड्यात नवं ग्रीस भरा, हवा टायर गार असताना तपासा, एक जादा चाक आणि बेअरिंगचा एक संच बरोबर ठेवा. समृद्धीवर मधल्या टप्प्यात दुरुस्तीचं दुकान शोधायला इंटरचेंजवरून खाली उतरावं लागतं.

होडी बांधताना नायलॉनचा पट्टा जिथे खाली आधार आहे तिथेच वरून ओढा. अधांतरी भागावर पट्टा कसला तर उन्हात मऊ झालेल्या फायबरला खोलगट वळ पडतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. खटक्याने कसायचे ट्रकवाले पट्टे लेझरला वापरू नका, हाताने ओढायचे साधे बकल पुरेत. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो घूं-घूं करत नाही. डोलकाठी दोन तुकड्यांत येते, ते दोन्ही तुकडे आणि गुंडाळलेलं शीड एका लांब नळीत घाला. शिडाची घडी कधीच घालायची नाही, गुंडाळीच करायची. सुकाणू आणि डॅगरबोर्ड (होडीच्या मधल्या फटीतून पाण्यात सोडायची फळी) जुन्या गोधडीत गुंडाळा आणि बंद गाडीत उन्हात सोडू नका. तापलेल्या गाडीत ते वाकतात, आणि वाकलेल्या डॅगरबोर्डची होडी सरळ चालत नाही.

निघण्याआधीच्या एका कामात मात्र हयगय चालणार नाही. अंबाझरीत जलपर्णी आहे, हे तुम्ही रोज बघता. त्या वनस्पतीचा हिरवा तुकडा डॅगरबोर्डच्या फटीत किंवा ट्रेलरच्या पट्टीत अडकून ६५० किलोमीटर जाऊ शकतो आणि दुसऱ्या पाण्यात वाढू शकतो. भंडारदऱ्याचं पाणी खाली प्रवरेकाठच्या शेतीला आणि गावांच्या नळांना जातं. होड्या, दोऱ्या, ट्रेलर, बूट, सगळं नळाच्या पाण्याने धुवा, होडीच्या मागचं बूच काढून आतलं पाणी पूर्ण निथळू द्या आणि किमान दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग ते बूच परत घट्ट लावल्याची खात्री करा. बूच न लावता पाण्यात उतरवलेली लेझर हळूहळू आतून भरते आणि कळतं तेव्हा तुम्ही किनाऱ्यापासून लांब असता.

परवानगीचंही आत्ताच बघा. जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आहे आणि सभोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. त्यामुळे आयोजकांकडे दोन्हीकडची लेखी परवानगी आहे ना, हे विचारा आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवा. तुम्ही निवडलेला काळ चांगला आहे. पाऊस सरलेला असतो, धरण बहुधा भरलेलं असतं आणि काजवा महोत्सवाच्या दिवसांत, मे-जूनला, घोटीपासून लागणारी गाड्यांची रांगही नसते. उन्हाळ्यात शेतीसाठी आवर्तनं सुटून पाणी उतरलं की काठाला चिखल आणि खडक उघडे पडतात, तेव्हा डॅगरबोर्ड आपटायची भीती फार.

आता वाऱ्याकडे येतो. माझ्या मनातला खरा विषय हाच.

शाळेच्या भूगोलात आपण दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकलो. दिवसा उतार तापतो, त्याला लागून असलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला दरीतली हवा वर सरकते. रात्री उतार गार होतो आणि जड हवा खाली ओघळते. पुस्तकात हे दोन बाणांचं चित्र होतं. भंडारदऱ्याला ते चित्र पाण्यावर चालताना दिसतं. हा जलाशय म्हणजे प्रवरेची बुडालेली दरी. पूर्वेला शेंडीजवळ १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, पश्चिमेला रतनवाडी आणि तिच्या डोक्यावर रतनगड, उत्तरेला कळसूबाईची रांग. रतनगडापलीकडे घाटघरच्या बाजूला थेट कोकणात कोसळणारा कडा. म्हणजे इथे दरीचा वारा आहे, उतारांचा वारा आहे आणि दुपारी कड्यावरून डोकावणारा कोकणातला समुद्री वारासुद्धा आहे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला मला तिथे बहुतेक दिवस असं दिसलं आहे: पहाटे रतनवाडीकडून एक बारीक, गार झुळूक येते आणि ऊन काठाला लागलं की मरते. मग साडेनऊपर्यंत पाणी आरसा. त्यानंतर कुठून काय येईल सांगता येत नाही, अशी तास-दीड तासाची चाळवाचाळव. बारा-साडेबारानंतर पश्चिमेकडून वारा जमतो आणि तीनच्या सुमाराला तो जोरात असतो. पण त्या शुक्रवारी तुम्हाला हे असंच दिसेल असं धरून चालू नका, म्हणूनच तर बसून बघायचं. वहीत दर पंधरा मिनिटांनी वारा कुठून, किती आणि पाण्याच्या कोणत्या भागात, एवढंच लिहा. रतनवाडीतल्या चुलींचा धूर कुठे वाकतो ते बघा. घारी कोणत्या उतारावर घिरट्या घेतात ते बघा. घारी न हलवलेल्या पंखांवर वर चढतात, म्हणजे तिथे हवा वर जाते आहे, आणि पाण्यावरची हवा थोड्या वेळाने त्याच बाजूला ओढली जाण्याची शक्यता मोठी.

अंबाझरीवर आपल्याला सवय असते सपाटीवरून येणाऱ्या वाऱ्याची. तो कमी-जास्त होतो, दिशा थोडी सरकते, पण संपूर्ण तलावावर साधारण एकच असतो. डोंगरात तसं नाही. टेकडीच्या आडोशाला पाण्यावर एक मेलेला पट्टा असतो आणि तो टेकडीच्या उंचीच्या कित्येक पट लांब पसरतो. काठाच्या जवळून जाणारा मार्ग नकाशावर जवळचा दिसतो आणि तिथेच होडी उभी राहते. माझ्या तिथल्या पहिल्या शर्यतीत मी तिसरा होतो, पुढच्या दोघांना गाठायला दक्षिण काठाकडे वळलो आणि पंधरा मिनिटं शीड लोंबकळत बसलो. मागचे सगळे मधून निघून गेले. संध्याकाळी शेंडीतल्या एका म्हाताऱ्या होडीवाल्याने मला समजावलं की त्या खोबणीत दुपारी कधीच वारा उतरत नाही, मासे पकडणाऱ्यांची पोरंसुद्धा तिथून वल्ही मारत बाहेर येतात. हे मी आदल्या दिवशी त्याला विचारू शकलो असतो. तुम्ही विचारा. त्याच्याबरोबर एक फेरी मारा, त्याचे पैसे द्या, आणि खोबणी, बुडालेले खडक, झाडांचे खुंट हे सगळं त्याच्या तोंडून ऐका.

दुसरा फरक झोतांचा. कड्यावरून उतरलेला झोत पाण्यावर आदळला की पंख्यासारखा पसरतो. पाण्यावर तो काळपट, सुरकुतलेला डाग म्हणून सरकत येताना दिसतो. वाऱ्याकडे तोंड करून पाहिलंत तर त्या डागाच्या डाव्या कडेला वारा उजवीकडे फिरलेला असतो, उजव्या कडेला डावीकडे. म्हणून डाव्या कडेवर स्टारबोर्ड टॅकवर असाल, म्हणजे वारा होडीच्या उजव्या बाजूने घेत असाल, तर होडीचं नाक आपोआप वाऱ्याकडे चढतं आणि तुम्ही फुकटात वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकता. उजव्या कडेवर तेच पोर्ट टॅकवर, म्हणजे वारा डाव्या बाजूने घेताना मिळतं. चुकीच्या टॅकवर असाल तर नाक खाली पडतं. नाक पडलं की एक ते पाच आकडे मोजा. तेवढ्यात सुधारलं नाही तर टॅक घ्या, म्हणजे नाक वाऱ्यातून वळवून वारा दुसऱ्या बाजूने घ्या. प्रत्येक लहान हेलकाव्याला टॅक घेणारा माणूस वेग हरवून बसतो, आणि कधीच न घेणारा काठाला जाऊन अडकतो. ही पाच आकड्यांची सवय मला फार उपयोगी पडली आहे.

मेनशीट, म्हणजे शीड ओढायची-सोडायची दोरी, हातातच ठेवा, कधीही अडकवून टाकू नका. झोत आला की आधी अंग बाहेर टाका, त्याच क्षणी वीतभर दोरी सोडा, होडी सपाट झाली की परत ओढा. रतनगडाच्या बाजूचे झोत वरून पडतात, ते शीड मागे दाबतात आणि तुम्ही सवयीने उलट बाजूला झुकलेले असाल तर वाऱ्याच्याच बाजूला उलटता. मी असाच उलटलो आहे. त्यामुळे पाय होडीच्या तळातल्या पट्ट्याखाली असू द्या, पण पूर्ण बाहेर लोंबकळायच्या आधी झोत खरंच आला आहे याची खात्री करा.

उंचीमुळे हवा विरळ होते आणि शिडाला कमी जोर मिळतो, असं कोणी सांगेल. जलाशय सातशे मीटरहून थोडा वर आहे आणि आपलं नागपूर तीनशेच्या आसपास, तेवढ्याने काही जाणवत नाही. नैनीतालला तो फरक लक्षात घ्यावा लागतो. तिथला तलाव १,९३८ मीटरवर आहे आणि समुद्रसपाटीच्या तुलनेत हवा साधारण एक षष्ठांशाने विरळ असते. तिथे १९१० पासून यॉट क्लब आहे आणि जुन्या घडणीच्या लाकडी होड्यांची परंपरा टिकून आहे. तुम्हाला कधी तरी तिथे जावंसं वाटलं तर आपली होडी ओढत नेऊ नका, आधी क्लबला पत्र लिहा.

शर्यतीचे नियम तुम्ही वाचलेले असतील, म्हणून थोडक्यात. पाच मिनिटं आधी पहिल्या झेंड्याचा इशारा, चार मिनिटं आधी दुसऱ्याचा, एक मिनिट राहिल्यावर लांब शिट्टी आणि दुसरा झेंडा खाली, मग सुरुवात. पोर्ट टॅकवरच्याने स्टारबोर्डवरच्याला वाट द्यायची. एकाच टॅकवर असताना वाऱ्याकडच्याने खालच्याला वाट द्यायची. वळायच्या तरंगत्या खुणेभोवती तीन होड्यांच्या लांबीच्या वर्तुळात आतल्याला जागा द्यायची. दुसऱ्याची वाट अडवली तर दोन गिरक्या, खुणेला स्पर्श झाला तर एक. सात होड्या असतील तर सुरुवातीची रेषा चाळीस-पंचेचाळीस मीटर पुरे. आयोजकांना एक सूचना माझ्याकडून द्या: ही बुडालेली दरी आहे, काठापासून थोडं आत गेलं की तळ एकदम खोल जातो. खुणेच्या डब्याला भरपूर दोरी आणि तळाला जड दगड हवा, शिवाय दोरीच्या मध्यावर एक लहान वजन बांधलं तर ढिली दोरी वर तरंगत नाही आणि कोणाच्या सुकाणूत अडकत नाही.

मुलीबद्दल तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलं आहे, पण काळजी त्याचीच जास्त दिसते. उतरवा. नक्की उतरवा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए ४ प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याची आहे आणि भोपाळच्या मोठ्या तलावावर घडली. आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरवरच्या तलावावर. तुमच्या लेझरचंच आजचं अधिकृत नाव आयएलसीए, आणि ४ म्हणजे त्याच सांगाड्यावर लहान शीड. समुद्र जवळ नाही ही अडचण नागपूरच्या मुलांना फार वर्षं सांगितली गेली. मला ती कधीच पटली नाही.

मात्र तिला दुपारच्या जोराच्या वाऱ्यात उतरवू नका. आयोजकांना सांगून ऑप्टिमिस्टची फेरी वारा नुकता जमायला लागतो तेव्हा ठेवा, शेंडीच्या बाजूला आणि छोट्या मार्गावर. तलावावर पांढरे फेस ठिकठिकाणी दिसायला लागले की तिची होडी काठाला, शर्यत अर्धी असली तरी. तुमच्या मापाचं नाही, तिच्या मापाचं लाइफ जॅकेट हवं, दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं तरी हनुवटीच्या वर सरकता कामा नये. पाणी उपसायचा डबा होडीला दोरीने बांधलेला असू द्या. शुक्रवारी दुपारी वारा बघायला बसण्याआधी काठाजवळ तिला मुद्दाम दोनदा होडी उलटवायला लावा आणि स्वतःची स्वतः सरळ करायला लावा. अंबाझरीपेक्षा हे पाणी गार आहे, पहिल्या क्षणी श्वास अडकतो, आणि तो अनुभव तिला तुम्ही शेजारी असताना यायला हवा. बाहेर आल्याबरोबर कोरडे कपडे आणि टोपी. वाऱ्यात ओल्या अंगाने उभं राहिलं की मुलांना थंडी पाण्यापेक्षा जास्त बाधते.

तिच्या फेरीत तुम्ही स्वतः शर्यतीत नसा. बचावाच्या होडीत बसा, तिच्यापासून पन्नास-साठ मीटरवर, आणि तोंडाने काहीही सांगू नका. शुक्रवारच्या वहीत तिलाही लिहायला लावलं असेल तर काळपट डाग कुठून येतात हे तिला ठाऊक असेल. ती कोणत्या डागाकडे वळते ते बघा आणि रात्री जेवताना तिला विचारा, तिकडेच का वळलीस.